पगारातले ६.२ टक्के जातात कुठे?

अमेरिकेतली पहिली पगाराची स्लिप हातात आली की सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या कराची, ओळ नीट बघ. तुझ्या पगारातून ६.२ टक्के कापतात आणि तेवढेच तुझी कंपनी भरते. (ठरावीक मर्यादेवरच्या पगाराला हा कर लागत नाही.)

आपल्याला प्रॉव्हिडंट फंडाची सवय, म्हणून हे पैसे आपल्या नावावर साठतायत असं वाटतं. तसं नाही. आज कापलेल्या पैशातून आजच्याच निवृत्तांना पेन्शन मिळते. शिल्लक राहिलीच तर ती सरकारी रोख्यांत जाते. इडा मे फुलर या बाईंना जानेवारी १९४० मध्ये पहिला मासिक चेक मिळाला. त्यांनी भरले होते २४.७५ डॉलर, शंभर वर्षं जगल्या आणि मिळाले २२,८८८.९२ डॉलर.

तुला मिळतो तो पुढच्या पेन्शनचा हक्क, आणि त्याला ४० क्रेडिट (कमाईवर मिळणारे गुण) लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी. दोन्ही देशांतली नोकरी एकत्र मोजण्याचा भारताचा अमेरिकेशी करार नाही, त्यामुळे एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर सहा-सात वर्षं राहून परतणाऱ्यांना पेन्शन मिळत नाही, आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. हा मला सरळ अन्याय वाटतो. मात्र मिळवलेली क्रेडिट बुडत नाहीत; पुन्हा आलास तर तिथूनच पुढे मोजतात.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाला जोडून मिळणारी तात्पुरती नोकरीची परवानगी) करत असशील तर सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा कर लागत नाही. तरी कापला असेल तर आधी कंपनीकडेच परत माग. आणि सोशल सिक्युरिटीच्या साइटवर खातं उघडून नोंदलेला पगार दरवर्षी तपास.