प्रार्थना नेमकी कुठे तुटते?

"मॅडम, मला शिस्तच नाही. प्रार्थना टिकत नाही."

जालना असो, अंबड असो की छत्रपती संभाजीनगर, ख्रिस्ती मंडळीतलं माणूस समुपदेशनासाठी माझ्याकडे आलं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे वाक्य येतंच. आलेलं असतं घरच्या भांडणासाठी, पण आत हे खुपत असतं. जानेवारी सरल्यावर तर जास्तच. वर्षभरात बायबल पूर्ण करायचं ठरवून रोज तीनेक अध्याय धरले, की पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40, महिन्यात होतात. फेब्रुवारी उजाडतो तो तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात. यज्ञपशू, चरबी, कुष्ठाचे नियम! तिथे बरेच जण गळतात आणि स्वतःला पापी ठरवून मोकळे होतात.

असेच एक चाळिशीतले गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. जालन्यात सळईच्या कारखान्यात पाळीवर काम. वडील शेती सांभाळून गावोगाव वचन सांगायचे, पहाटे चारला उठून मोठ्यानं प्रार्थना करायचे. यांनीही मोबाइलवर चारचा गजर लावलेला. रात्रपाळीत चारला हे भट्टीसमोर, दिवसपाळीत गजर बंद करून पुन्हा अंथरुणात.

"वडिलांना पाळी होती का हो, दादा?"

ते हसले. "त्यांचा दिवस कोंबड्याबरोबर, मॅडम."

इच्छाशक्ती वाढवा, असं मी कुणालाच सांगत नाही. कृतीच्या आधी काय घडतं ते बघते, माझी पद्धत तीच. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा हे उपदेशात ऐकवतात. त्याची माडीवरची खोली ठरलेली होती, यरुशलेमेकडच्या खिडक्याही ठरलेल्या होत्या, हे मात्र राहून जातं. म्हणून आम्ही घड्याळ सोडलं. पाळी सुटली, अंघोळ झाली, की प्रार्थना. मग वाजोत कितीही.

काही आठवडे छान चाललं. मग पुन्हा तुटलं.

इथे नवा गजर लावून देणं सोपं होतं. मला मात्र वेगळीच शंका आली. विचारलं, "बसतच नाही, का बसून उठता?"

"बसतो. मग उठतो."

"कुठपर्यंत होतं? माझ्यासमोर म्हणा."

त्यांनी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली, सुरू केली. रोजच्या भाकरीपर्यंत खणखणीत आवाज. ऋण्यांना ऋण सोडण्याची, म्हणजे दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ आली आणि आवाज बसला. ती ओळ तोंडातल्या तोंडात गेली, परीक्षा गेली, वाईटापासूनची सुटका गेली, एकदम "आमेन". मी काहीच बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हे आमच्या कामातलं निम्मं कसब आहे.

बऱ्याच वेळानं विचारलं, "कोण आहे तिथं?"

"धाकटा." वडील गेल्यावर त्यानं शेत विकलं, हिशेब दिला नाही. चार वर्षं बोलणं बंद. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे आळस नव्हता मॅडम तो. मीच तिथं जायला घाबरत होतो."

इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत पक्कं झालंय, की ज्याला आपण बेशिस्त म्हणतो ती पुष्कळदा टाळाटाळ असते. देवासमोर एक ठरावीक प्रश्न निघणार हे माणसाला ठाऊक असतं, म्हणून झोप येते, मोबाइल हाती येतो. त्यामुळे किती दिवस चुकले ते मोजू नका, कुठल्या ओळीवर उठता ते बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू तर सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. (मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे बाईला परत पाठवायला हाच उतारा वापरलेला मी पाहिलाय. त्याला माझा सक्त विरोध आहे.) आणि क्षमा म्हणजे हिशेब सोडणं नव्हे. यांचा हिशेब मागण्याचा हक्क कायम होता, तो मी त्यांना सोडायला सांगितला नाही.

सांगितलं एवढंच, की ती ओळ गाळायची नाही. म्हणवत नसेल तर "प्रभू, हे अजून जमेना" असं बोलायचं आणि पुढे जायचं. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो, तक्रारही प्रार्थनेत बसते. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, कारण थकबाकी साचली की माणूस वहीच उघडत नाही. वाचनासाठी मार्काचं शुभवर्तमान घ्यायला लावलं. सोळाच अध्याय. शिवाय मंडळीतल्या एका विश्वासू माणसानं आठवड्यातून एकदा विचारायचं, "कुठवर आलास?" त्या माणसाला उपदेश करायची मात्र मनाई.

पुढे त्यांनी भावाला फोन केला. आईच्या गोळ्यांवर बोलणं झालं, शेतावर नाही. शेताचा विषय तालुक्याच्या वकिलाकडे आहे, तो तिथंच राहू द्या असं मी म्हटलं. रात्रपाळीच्या आठवड्यात प्रार्थना अजूनही अधूनमधून चुकते. फोन मात्र दर रविवारी उपासना सुटल्यावर होतो, कधी हा करतो, कधी तो.