केल्टिक भाषांत ‘ग्लास’ म्हणजे निळा की हिरवा?

वेल्श, ब्रेटन, आयरिश या केल्टिक भाषांपैकी कोणती, आणि वस्तू कोणती, यावर अवलंबून आहे; एकच मराठी शब्द लावू नका. आजच्या वेल्शमध्ये ‘ग्लास’ म्हणजे निळा. हिरव्यासाठी लॅटिनवरून आलेला ‘ग्विर्द’ आहे. पण जुना हिरवा अर्थ गवताच्या नावात टिकून आहे: ‘ग्लासवेल्ट’, शब्दशः हिरवी काडी. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटनमध्येही हा शब्द निळ्यासोबत झाडापानांच्या हिरव्याला चालतो.

आयरिशमध्ये तोच शब्द गवताला लावला तर हिरवा, मेंढीला लावला तर करडा. रंगवलेल्या दाराचा हिरवा ‘ऊअन्य’, आकाशाचा निळा ‘गोरम’. म्हणजे हिरव्याची विभागणी रंगछटेची कमी, निसर्गातलं आणि माणसानं रंगवलेलं अशी जास्त. मला हीच या शब्दाची खरी गंमत वाटते.

मूळ प्राचीन केल्टिक. निळा रंग देणाऱ्या वनस्पतीचं ‘ग्लास्टम’ हे गॉलमधलं (म्हणजे प्राचीन फ्रान्समधलं) नाव रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात नोंदवलं, ते याच कुळातलं.

शब्दकोशात शोधताना एक अडचण येते: वेल्शमध्ये विशेषण नामानंतर येतं आणि नाम स्त्रीलिंगी असेल तर त्याचा ‘ग’ गळतो, निळं आकाश ‘अविर लास’ होतं. ‘लास’ सापडला नाही तर ‘ग’ लावून पाहा. आयरिशमधला कुलूप या अर्थाचा ‘ग्लास’ मात्र वेगळा शब्द आहे.