वाचकांचे प्रश्न : आरोग्य केंद्रातील सौरवीज रात्रभर का पुरत नाही?

प्रश्न : आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. छतावर ३ किलोवॅटची सौर पॅनेल, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या ४ ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस येत नाही आणि रात्री एकच्या सुमारास इन्व्हर्टर बंद पडतो. मागच्या आठवड्यात एक प्रसूती मोबाइलच्या उजेडात करावी लागली. ठेकेदार आणखी ४ बॅटऱ्या घ्या म्हणतो. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून त्या घ्याव्यात का? उपकरणांची यादी व वापराच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.
– एक वैद्यकीय अधिकारी, जि. नंदुरबार

उत्तर : डॉक्टर, बॅटऱ्या तूर्त घेऊ नका. इन्व्हर्टर रात्री एकलाच का बंद पडतो, याचे उत्तर आपल्याच यादीत आहे. चार बॅटऱ्यांत मिळून ७.२ युनिट वीज मावते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची असते आणि इन्व्हर्टरमधली घट वजा जाता हाती जेमतेम ३ युनिट उरतात. संध्याकाळी सातपासून आपल्याकडे ७५ वॉटचे ६ जुने पंखे आणि ९ वॉटचे ६ दिवे चालू असतात, म्हणजे ताशी अर्धा युनिट. सहा तासांत ३ युनिट संपतात आणि घड्याळात एक वाजलेला असतो. त्या वेळी प्रसूतिगृहात कोण आहे, हे पंख्यांना ठाऊक नसते.

म्हणून पहिला खर्च पंख्यांवर करावा. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॉट घेतो आणि एका बॅटरीच्या किमतीत असे चार-पाच पंखे येतात. पावसाळ्यातल्या गार रात्री व्हरांड्यातले आणि रिकाम्या वॉर्डातले पंखे बंद ठेवून तीनच चालवले, तर दिव्यांसह रात्रभरात १.६ युनिट लागतील आणि नवजात बाळाच्या ६०० वॉटच्या वॉर्मरसाठी दोन तासांपुरती वीज हाताशी राहील.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या यादीत ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, सकाळी सातला लावला जातो, असे दिसते. २ किलोवॅटचे ते यंत्र पाऊण तासात दीड युनिट घेते, तेही सूर्य डोंगराआडून पुरता वर आलेला नसताना, म्हणजे रात्रभर दमलेल्या बॅटरीतून. ओपीडीच्या आधी ट्रे तयार हवेत, ही सिस्टरांची अडचण खरी आहे. म्हणून हत्यारांचा आणि ड्रमचा एक जादा संच घ्यावा व दुसऱ्या दिवसाचे निर्जंतुकीकरण आदल्या दुपारी बारा ते दोनच्या उन्हात उरकावे. पाण्याचा पंपही दुपारीच, पण ऑटोक्लेव्ह उतरल्यावर चालवावा. दोन्ही एकदम लागले की पंप सुरू होतानाचा झटका आपल्या इन्व्हर्टरला पेलणार नाही.

आयएलआरबाबत, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रिजबाबत, धीर धरा. त्यातल्या बर्फाच्या अस्तरामुळे दिवसातून ८ तास वीज मिळाली तरी लसी २ ते ८ अंशांत राहतात, त्यामुळे रात्री त्याचा भार बॅटरीवर नको. मात्र आपले यंत्र जुने असल्यास आणि झाकण वारंवार उघडले जात असल्यास हा हिशेब चुकतो. म्हणून शीतसाखळी तंत्रज्ञांना विचारून, आठवडाभर तापमानाची नोंद पाहून मगच हा बदल करावा. डीप फ्रीझरमधले आइसपॅक दिवसाच गोठवून घ्यावेत.

नातेवाइकांच्या मोबाइल चार्जिंगवर आपण बंदी घातल्याचे लिहिले आहे, ती उठवावी. एक मोबाइल पुरता चार्ज व्हायला युनिटाचा तिसावा हिस्साही लागत नाही. यादीच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला ‘क्वार्टरमधील पाणी तापवायचा रॉड, १५०० वॉट’ मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवरून आजच काढावा. बाळंतिणीला गरम पाणी लागतेच, त्याची सोय गॅसवर करावी.

प्रसूतिगृहाचे दिवे, वॉर्मर आणि सक्शन मशीन यांची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या सुरक्षा-स्विचवर) घ्यावी. बाकीच्यांपैकी रात्री न लागणारे एमसीबी दहाला खाली पाडायची जबाबदारी रात्रपाळीच्या सिस्टरांकडे सोपवावी आणि भार कमी असताना बॅटरी-संचाचे व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवावे. ते ४८.८ च्या आसपास आले की निम्मी वीज संपली, असे समजावे.

आता ठेकेदाराचा सल्ला. स्वच्छ उन्हात आपली पॅनेल दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देतात, पण आषाढातल्या झडीत त्याचा तिसरा हिस्साही कधी कधी मिळत नाही. अशा दिवसांत आठ बॅटऱ्या असल्या तर त्या आठही अर्धपोटी राहतात आणि लेड-ॲसिड बॅटरी सतत अर्धी भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट जमून ती लवकर निकामी होते. शिवाय जुन्या संचाला नव्या बॅटऱ्या जोडल्या तर जुन्या नव्यांनाही खाली ओढतात. वरचे बदल करूनही पुढच्या पावसाळ्यात वीज कमी पडलीच, तर आधी पॅनेल वाढवावीत आणि बॅटऱ्या बदलायच्या झाल्या तर संपूर्ण संच एकदम बदलावा. तोवर आहेत त्या बॅटऱ्यांत दरमहा डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. बोअरचे पाणी, कितीही गोड असले तरी, घालू नये.