घरातला धूर आणि घरातले प्राणी : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

तंबाखूच्या धुराविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मांजर सात वर्षांची आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहत असल्याने ती कायम घरातच असते. माझे सासरे दिवसाला बारा-पंधरा सिगरेटी ओढतात, पण नेहमी गॅलरीत जाऊन आणि मधले दार ओढून घेऊन. ते आत येऊन बसले की मनी लगेच त्यांच्या मांडीवर जाते. हल्ली ती अधूनमधून अंग जमिनीशी टेकवून, मान पुढे ताणून खोकल्यासारखा आवाज करते. केसांचा गोळा अडकला असेल असे वाटते, पण गोळा काही पडत नाही. याचा सिगरेटीशी संबंध असेल का, की मी उगाच सासऱ्यांच्या मागे लागले आहे? — एक वाचक, पुणे

उत्तर : संबंध असू शकतो, परंतु सासऱ्यांशी बोलण्याआधी मांजराला तपासून घ्या. केसांचा गोळा ओकताना मांजराचे पोट जोराने आत-बाहेर होते आणि शेवटी काहीतरी बाहेर पडते. अंग खाली दाबून, कोपरे बाहेर काढून, मान लांब करून येणारी आणि काहीच न पडता थांबणारी उबळ ही बहुतेक वेळा श्वासनलिकांची असते, आणि मांजरांमधल्या दम्याचे हे नेहमीचे रूप आहे. दवाखान्यात नेले की मांजर खोकायचेच थांबते, म्हणून पुढची उबळ येईल तेव्हा मोबाइलवर तिचे चित्रण करून ठेवा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. छातीचा एक्स-रे काढावा लागेल. दमा निघाला तर मांजराच्या तोंडावर बसणाऱ्या मास्कमधून इनहेलर देता येतो आणि बहुतेक मांजरे काही दिवसांत त्याला सरावतात. मनी तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा तिच्या हिरड्या निळसर दिसू लागल्या, तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता गॅलरीविषयी. दार लावले तरी धुराचा काही भाग आत येतोच, पण मांजराच्या बाबतीत हवेतला धूर ही अर्धीच गोष्ट आहे. ओढणाऱ्याच्या बोटांवर, शर्टावर आणि केसांवर निकोटीन व धुरातली इतर रसायने चिकटून राहतात आणि तिथून ती सोफ्यावर, चादरीवर, मांजराच्या अंगावर उतरतात. मांजर जागेपणीचा बराचसा वेळ स्वतःला चाटण्यात घालवते आणि तिच्या जिभेवरचे काटे केसांतले सगळे गोळा करून तोंडात आणतात. म्हणजे धूर नाकावाटे जेवढा जातो, त्याशिवाय जिभेवाटेही रोज थोडा थोडा पोटात जात राहतो. कुत्रा इतके चाटत नाही आणि माणूस तर मुळीच नाही, त्यामुळे घरातल्या माणसांसाठी पुरेशी वाटणारी खबरदारी मांजराला पुरत नाही.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग, झालेल्या ८० मांजरांची तुलना मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरांशी केली होती. धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मांजरांमध्ये या कर्करोगाची जोखीम सुमारे २.४ पट आढळली, आणि पाच वा अधिक वर्षे अशा घरात राहिलेल्यांमध्ये ३.२ पट. जोखीम वर्षांगणिक वाढत गेलेली दिसली, हा त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे. तरीही एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. शिवाय लिम्फोमाला मांजरांमधला ल्युकेमियाचा विषाणूही कारणीभूत ठरतो. मांजराचे वजन घटत असेल, किंवा उलट्या अथवा जुलाब आठवडेच्या आठवडे रेंगाळत असतील, तर धूम्रपानाच्या घरात तपासणी लांबवू नये, एवढा निष्कर्ष मी त्यातून काढतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात पाळीव प्राण्यांच्या केसांतले निकोटीन मोजले गेले आहे. मालकांनी दिवसाला दहापेक्षा कमी सिगरेटी ओढल्या तेव्हा मांजरांच्या केसांतले प्रमाण बरेच खाली आले, पण धूम्रपान न होणाऱ्या घरांतल्या मांजरांइतके खाली ते आले नाही. सिगरेटी कमी केल्याचा फायदा होतो, पण तो पूर्ण होत नाही, असा याचा अर्थ.

तेव्हा सासरे गॅलरीत जातात हे चांगलेच आहे. त्याला थोडी जोड द्यावी लागेल. ओढण्यासाठी एक वेगळा शर्ट गॅलरीतच टांगून ठेवावा आणि आत येताना तो तिथेच उतरवावा. मनीला जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवावेत, नुसते पुसू नयेत. सोफ्यावर ती जिथे झोपते तिथे धुता येईल असा कपडा घालून तो वरचेवर धुवावा, आणि रोज एकदा ओल्या फडक्याने तिचे अंग पुसावे. सूनबाईंनी सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले घरात अधिक चालत असेल, तर मनीला दाखवायला सासऱ्यांनाच घेऊन जा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्या धुराचा प्राण्याला त्रास होतो हे कळल्यास सिगरेट सोडण्याचा प्रयत्न करू, असे धूम्रपान करणाऱ्या २८.४ टक्के प्राणिपालकांनी सांगितले होते. सासऱ्यांची तशी तयारी दिसली, तर सिगरेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक व्यसनमुक्तीच्या मोफत सल्ल्याचाच आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक पग आहे आणि भावाकडे जर्मन शेफर्ड. दोन्ही घरांत सिगरेट ओढली जाते. लांब नाकाच्या कुत्र्याला धुराचा त्रास होत नाही, कारण नाकातच सगळे गाळले जाते, असे भाऊ म्हणतो. हे खरे आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या भावाचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. लांब नाकात धुरातले कण अधिक अडकतात हे खरे, पण अडकलेले कण नाकाच्या अस्तरावरच बसून राहतात. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना १९९८ साली नाकाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना सर्व कुत्र्यांचा एकत्र विचार केल्यास विशेष वाढ दिसली नाही; लांब नाकाच्या जातींमध्ये मात्र जोखीम दुपटीच्या आसपास निघाली. त्याच विद्यापीठाने १९९२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी केलेल्या अभ्यासात आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांकडे बोट जात होते, पण तो संबंध दुबळा होता आणि त्यावर फार भार टाकू नये. पगच्या बाबतीत मला कर्करोगापेक्षा रोजच्या श्वासाची काळजी अधिक वाटते. त्याच्या नाकपुड्या मुळात अरुंद असतात, टाळू घशात लोंबत असतो आणि उन्हाळ्यात चार पावले चालले तरी तो घोरल्यासारखा धापा टाकतो. त्यात धुराने सुजलेल्या श्वासमार्गाची भर नको.

प्रश्न : आमच्या चार महिन्यांच्या पिल्लाने अंगणातली विडीची थोटके चघळली. आईची मशेरीची डबीही त्याने एकदा उचलली होती. पोटात गेले तर काय करावे? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : हा धुराचा प्रश्न नसला तरी धोका अधिक तातडीचा आहे. एका सिगरेटमध्ये साधारण १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निकोटीन असते आणि ओढून झाल्यावरही थोटकात त्यातला काही भाग उरतो. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम निकोटीनही त्रास सुरू करायला पुरेसे ठरू शकते, म्हणून तीन-चार किलोच्या पिल्लाला दोन-तीन थोटकेही जड जातील. मशेरी म्हणजे तर भाजलेली शुद्ध तंबाखूच. पाव तासापासून दीड तासाच्या आत लाळ गळणे, उलटी, अस्वस्थपणा, थरथर अशी लक्षणे दिसतात. पुढे झटके येऊ शकतात आणि श्वास मंदावतो. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. घरातले ॲसिडिटीचे औषधही देऊ नये, कारण जठरातल्या आम्लामुळे निकोटीन सावकाश शोषले जाते आणि ते आम्ल मारले की शोषण वाढते. याच कारणाने चुना लावून मळलेली तंबाखू अधिक वाईट. काय खाल्ले आणि किती वाजता, एवढे सांगून पिल्लाला थेट पशुवैद्यांकडे न्यावे. डबी फडताळात वर ठेवावी.

प्रश्न : आमच्या एका खोलीच्या घरात लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे. वडील दारात बसून विडी ओढतात आणि रात्री डासांची कॉइल लावावी लागते. पक्ष्यांना कशाचा त्रास जास्त? — एक वाचक, मुंबई

उत्तर : तुमच्या घरात, माझ्या मते, कॉइलचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले होते. शिवाय ती बंद खोलीत रात्रभर जळते. पक्ष्यांची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत. अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारखे काम करतात आणि श्वास आत घेताना व सोडताना, दोन्ही वेळा, ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते. ही रचना प्राणवायू फार उत्तम शोषते आणि विषारी वायूही तितक्याच तत्परतेने घेते. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत याच गुणामुळे कॅनरी पक्षी नेत असत, आणि त्यांच्या जागी विद्युत उपकरणे आणण्याचा निर्णय १९८६ साली झाला. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, स्वतःही मच्छरदाणीत झोपा आणि कॉइल बंद करा. वडिलांनी हात धुतल्याशिवाय पक्षी बोटावर घेऊ नयेत, कारण बोटांवरचे निकोटीन पायांच्या त्वचेला लागून ती चुरचुरते आणि पक्षी पाय टोचू लागतात. पक्षी दुखणे लपवतात. श्वासागणिक शेपटी वरखाली हलताना दिसली, तर दुखणे बरेच पुढे गेले आहे असे समजा.

प्रश्न : हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले तर घरात सिगरेट ओढायला हरकत नाही ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : हरकत आहे. चांगले यंत्र हवेतले कण बऱ्यापैकी पकडते, पण धुरातले वायू त्यातून मोठ्या प्रमाणावर निसटतात, आणि सोफ्यावर, पडद्यांवर व प्राण्याच्या अंगावर आधीच बसलेले निकोटीन ते उचलू शकत नाही. ते पैसे निकोटीनची च्युइंग गम आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर खर्च करावेत. फक्त ती गम कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी.