बाळाला अंगावर पाजत असताना पाळी आली नसेल, तर दिवस राहू शकतात का?

हो, राहू शकतात. पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर शक्यता २ टक्क्यांहूनही कमी असते. बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको आणि बाळाला फक्त आईचं दूध हवं, तेही दिवसा ४ आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड न पडता. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी हे निकष ठरवले. बाळ वारंवार ओढतं तेव्हा मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संकेत मंदावतात आणि बीज सुटत नाही.

आपल्याकडे गाडी अडते ती तिसऱ्या अटीवर. घुटी, मध, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, रात्री आजीने दिलेली बाटली, हे सुरू झालं की भरवसा संपला. शिवाय बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून ‘पाळी आली की बघू’ म्हणणाऱ्या कित्येकींना थेट दुसऱ्या खेपेचीच बातमी कळते. एक जरी अट मोडली तरी लगेच दुसरं साधन घ्या: निरोध, तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’ गोळी. ‘माला-एन’ ही हार्मोनची गर्भनिरोधक गोळी मात्र पाजत असताना पहिले ६ महिने नको.