एका दिवसाच्या मजुरीत काय येतं?

गेल्या महिन्यात विकासदरावरच्या लेखात मी एक वाक्य फार बेफिकिरीने लिहून गेले: 'अर्थव्यवस्था वाढली की गरिबी घटतेच.' त्या 'च'वरून इतकी पत्रं आली की पहिला आठवडा ती वाचण्यातच गेला. 'च' मागे घेते. उरलेल्या वाक्याचं काय करायचं ते खाली बघू. जागेअभावी चारच पत्रं घेतली आहेत आणि तीही थोडी छाटून.

प्रश्न : ताई, दरडोई उत्पन्न दुप्पट झालं म्हणजे गरिबाच्या हातातही दुप्पट पैसा आला, असं समजायचं का? मग तेलाच्या पैशात लोळणाऱ्या देशांत लोक अजून अंधारात कसे राहतात? – एक निवृत्त बँक कर्मचारी

दुप्पट होण्याचं गणित बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार! सत्तरला दराने भागायचं. सात टक्क्यांनी वाढणारा देश दहा वर्षांत दुप्पट होतो. लोकसंख्या दोन टक्क्यांनी वाढत असेल तर माणशी पाचच टक्के उरतात आणि दहाची चौदा वर्षं होतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ 'माणशी' या शब्दात आहे, कारण ती 'माणशी' म्हणजे भागाकार, वाटप नव्हे.

तुम्ही देशाचं नाव लिहिलं नाहीत, मी लिहिते. इक्वेटोरियल गिनी. १९९०च्या दशकात तिथे समुद्रात तेल सापडलं आणि काही वर्षांतच हा चिमुकला देश दरडोई उत्पन्नात आफ्रिकेत अगदी वरच्या रांगेत जाऊन बसला. पण २००६च्या पाहणीत तिथले तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक त्या देशाच्या स्वतःच्याच दारिद्र्यरेषेखाली निघाले. यात गूढ काही नाही. समुद्रातल्या तेलफलाटावर माणसं लागतात ती मोजकी आणि तीही कसबी, बहुतेक बाहेरून आणलेली. यंत्रं बाहेरची, तेल जातं बाहेर. देशात येतो तो सरकारचा वाटा, म्हणजे तेलाचा पैसा आणि गावातलं घर यांच्यामध्ये एकच दार, सरकारी तिजोरीचं. ते कुणासाठी उघडतं यावर सगळं अवलंबून.

आता याच्या शेजारी व्हिएतनाम ठेवा. १९८६मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाने 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचं धोरण घेतलं. तोवर शेती सामूहिक होती. भात पिकवायचा सगळ्यांनी आणि हिशेब ठेवायचा सहकारी संस्थेने. १९८८च्या 'ठराव क्रमांक १०'ने जमीन कसायला कुटुंबांकडे आली. आधी तांदूळ बाहेरून आणणारा हा देश १९८९मध्ये दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात करून मोकळा झाला. जमीन तीच, पाऊस तोच आणि माणसंही तीच होती. पुढे १९९३च्या जमीन कायद्याने कसण्याचा हक्क हंगामी पिकांसाठी २० वर्षांचा केला. तो हक्क विकता, अदलाबदल करता, भाड्याने देता, वारसाला देता आणि गहाण ठेवता येऊ लागला. मालकी मात्र कागदोपत्री जनतेचीच राहिली. १९९३मध्ये तिथल्या कुटुंब-पाहणीत ५८ टक्के लोक गरीब होते. १९९८मध्ये ३७ टक्के आणि २००२मध्ये २९.

पाच वर्षांत वीस-एकवीस टक्के-बिंदू! हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचे तेव्हा हमखास दोन्ही बाकांवरून हात वर व्हायचे. एकाला त्यात बाजाराचा विजय दिसे, दुसऱ्याला समाजवादाचा. दोघांकडेही थोडं थोडं खरं होतं. भाव खुले केले, घरचं पीक घरचं झालं, हे बाजाराचं. पण वाटायला आलेली जमीन बऱ्यापैकी समान वाटली गेली आणि वाटून घेणारे लिहिता-वाचता येणारे होते, हे आधीच्या काळाचं देणं. जिथे जमीन मूठभरांकडे आहे तिथे हेच भाव खुले केले तर फायदा त्या मुठीतच राहतो.

थोडक्यात, वाढ किती झाली हे विचाराच, पण त्याआधी कुठे झाली ते विचारा. बहुसंख्य गरीब ज्या कामावर पोट भरतात त्याच कामाची मिळकत वाढली तर गरिबी वितळते. भलत्याच ठिकाणी वाढली तर ती कुणीतरी मुद्दाम आणून द्यावी लागते. 'वरून आपोआप झिरपेल' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की मधला थर मुरमाचा आहे की कातळाचा?

प्रश्न : दारिद्र्यरेषा कोण ओढतं? ती सारखी बदलते कशी? सरकारं ती हवी तशी सरकवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. – एक माध्यमिक शिक्षक

सरकवतात, कधी कधी. पण प्रत्येक बदल लबाडीचा नसतो.

जगभरची तुलना करायला जागतिक बँकेने १९९०मध्ये 'दिवसाला एक डॉलर' ही रेषा रूढ केली. अत्यंत गरीब देशांच्या स्वतःच्या रेषा साधारण त्याच्या आसपास पडत होत्या, म्हणून. हा डॉलर खिशातला नव्हे. एका डॉलरला अमेरिकेत जेवढं येतं तेवढं त्या त्या देशात घ्यायला किती स्थानिक पैसे लागतील, असा हिशेबी डॉलर. किमतींची नवी जागतिक पाहणी झाली की रेषा पुन्हा आखावी लागते. म्हणून ती १.२५, १.९०, २.१५ अशी चढत गेली आणि जून २०२५पासून ३ डॉलर आहे. या शेवटच्या बदलाने जगातले अतिगरीब कागदावर सुमारे साडेबारा कोटींनी वाढले. त्या सकाळी कुणाच्याही ताटातला घास कमी झाला नव्हता. त्यामुळे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना दोन्हींची रेषा एकच आहे ना, हे आधी तपासा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लबाडीची खरी जागा वेगळी आहे. रेषेखालची डोकी मोजणं एवढंच यशाचं माप ठेवलं, तर शहाणा मंत्री सगळी मदत रेषेच्या बोटभर खाली असलेल्यांना देईल. ते टुणकन वर येतील, टक्का घसरेल, टाळ्या पडतील. तळाशी असलेल्याला हात लावायचं कारणच नाही, तो एवढ्याशाने वर येणार नाही! अमर्त्य सेन यांनी १९७६मध्ये हीच खोट दाखवली होती. तळाच्या माणसाचे पैसे काढून रेषेजवळच्याला दिले तरी डोक्यांच्या मोजणीत गरिबी कमी झालेली दिसते. म्हणून डोक्यांबरोबर खोलीही मोजायची. म्हणजे प्रत्येक जण रेषेच्या किती खाली आहे तेही.

आणि एक गोष्ट कुठल्याच रेषेत बसत नाही. शिकत असताना सुट्टीत मी एका पाहणीसाठी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरले होते. रकाना होता 'मागील महिन्याचे उत्पन्न'. एका मजूर बाईने मलाच उलटं विचारलं, "काम केलं ते दिवस सांगू, का पैसे मिळाले ते?" काम केलं होतं एकोणीस दिवस, पैसे अकरा दिवसांचे. आठ दिवस जुन्या उचलीत वळते झालेले. खर्चाचं विचारलं तर ती पैशात बोलेचना. तेल म्हणजे अर्धा दिवस. पोरीच्या वह्या एक दिवस. डॉक्टर चार दिवस आणि वर गाडीभाडं. सगळं जग तिने मजुरीच्या दिवसांत मोजून ठेवलं होतं आणि माझ्या कागदावर रकाना एकच, तोही अरुंद. मी गुणाकार करून एक आकडा भरला. पुढे तो कुठल्या तरी तक्त्यात गेला असेल, दशांश चिन्हासकट. आणखी दोन महिन्यांनी, काम लागत नसताना गेले असते, तर तीच बाई दुसऱ्याच रकान्यात पडली असती. जे आज गरीब मोजले जातात आणि जे उद्या मोजले जातील ते पुष्कळदा वेगळे लोक असतात. रेषेच्या वर-खाली ये-जा चालूच असते, आणि खाली ढकलण्यात आजारपणाचा हात मोठा असतो.

प्रश्न : थेट पैसे वाटले की लोक आळशी होतात आणि पैसे दारूत घालवतात. हे कटू सत्य तुम्ही लिहाल का? – एक लघुउद्योजक

सत्य असतं तर लिहिलं असतं.

मेक्सिकोने १९९७मध्ये 'प्रोग्रेसा' नावाची योजना सुरू केली. पैसे आईच्या हातात. अट अशी की मुलं शाळेत जायला हवीत आणि दवाखान्यात तपासणी व्हायला हवी. माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा थोडे जास्त, कारण तिथेच मुली गळत होत्या. तिचे कर्ते सांतियागो लेव्ही यांनी एक हुशारी केली. अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत योजना आधी लागू केली आणि १८६ गावांना थांबवलं. चिठ्ठ्या टाकून, वशिल्याने नव्हे. त्यामुळे फरक मोजता आला. माध्यमिक शाळेतली हजेरी वाढली, विशेषतः मुलींची. सरकार बदललं, नाव बदललं, पण आकडे हाताशी होते म्हणून योजना पुढची बरीच वर्षं तगली. ब्राझीलने २००३मध्ये विखुरलेल्या योजना एकत्र करून 'बोल्सा फामिलिया' केली. ती ऐन भरात असताना देशाच्या उत्पन्नाचा जेमतेम अर्धा टक्का खाई.

आळसाचं म्हणाल तर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या अशा सात योजना तपासून २०१७मध्ये निष्कर्ष छापला. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केल्याचा काही पद्धतशीर पुरावा सापडला नाही. दारूवरचा खर्च तपासणाऱ्या अभ्यासांतही तुमचं म्हणणं टिकत नाही. एखादा पिणारा शेजारी तुम्हाला माहीत असेल, मलाही आहे. तो पैसे मिळण्याआधीपासून पीत होता.

पण तुमच्या पत्रातली शंका दुसऱ्या टोकाने मी स्वतःही घेते. पैसे वाटले म्हणजे भागलं, असं नाही. इंडोनेशियाचं बघा. ऑक्टोबर २००५मध्ये सरकारने इंधनावरचं अनुदान छाटलं. अनुदानाचा मलिदा गाडीवाल्यांना मिळत होता, त्यामुळे छाटणं रास्तच. भाव सरासरी दुपटीहून वर गेले, रॉकेल तर जवळजवळ तिप्पट. झळ बसू नये म्हणून दीड कोटीहून अधिक कुटुंबांना महिना एक लाख रुपिया, तीन-तीन महिन्यांचे एकदम, टपाल कचेऱ्यांतून दिले. घाईत केलेलं काम, याद्यांत गफलती झाल्या, तरी पैसे पोहोचले. आणि तरीही फेब्रुवारी २००५मध्ये १६ टक्के असलेली गरिबी मार्च २००६मध्ये पावणेअठरा टक्क्यांवर गेली. सगळ्यांनी बोट दाखवलं रॉकेलकडे. मुख्य गुन्हेगार निघाला तांदूळ! शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून आयातीवर बंदी होती आणि त्या वर्षभरात तांदूळ सुमारे एक-तृतीयांश महागला. बहुसंख्य गरीब तांदूळ विकणारे नव्हते, विकत घेणारे होते. एका हाताने टपाल कचेरीत दिलेलं दुसऱ्या हाताने दुकानात काढून घेतलं गेलं, आणि दोन्ही हात एकाच सरकारचे.

तुम्ही उद्योजक आहात, म्हणून छोट्या कर्जांचंही दोन ओळीत सांगते. त्यांचा गाजावाजा झाला तेवढा परिणाम दिसला नाही. २०१५मध्ये सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र छापून आले; धंदे थोडे वाढले, गरिबी हलली नाही. त्याच वर्षी सहा देशांतलाच आणखी एक अभ्यास आला. त्यात कर्जाऐवजी जनावरासारखं कमाईचं साधन फुकट दिलं होतं, काही महिने खाण्यापुरते पैसे, आणि दोन वर्षं कुणीतरी घरी येऊन विचारपूस. मूळ कल्पना बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेची, २००२ची. मदत संपल्यावर वर्षाने पाहिलं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबांचा खर्च आणि चीजवस्तू वाढलेल्याच होत्या. महागडं प्रकरण आहे, पण तळाशी चालतं.

प्रश्न : मी बारावीत आहे. प्रकल्पासाठी कुठल्याही एका विकसनशील देशाची गरिबी कमी होते आहे की नाही हे बघायचं आहे. एकच आकडा घ्यायचा तर कोणता घेऊ? – एक विद्यार्थिनी

शेतमजुराची दिवसाची मजुरी घे आणि त्याच वर्षाच्या मुख्य धान्याच्या किरकोळ भावाने भाग. एका दिवसाच्या कामात किती किलो धान्य येतं ते निघेल. वीस वर्षांचा तक्ता कर. मजुरी बाईची आणि पुरुषाची वेगळी छापलेली असेल तर दोन रेघा काढ, एकच काढू नकोस. त्याच कागदावर विकासदराची रेघ काढ. मजुरीच्या आणि विकासदराच्या रेघा जिथे एकमेकींपासून फाटतात त्या वर्षांवर पेन्सिलने गोल कर आणि तेव्हा त्या देशात काय घडलं ते शोध. दुष्काळ असेल, आयातबंदी असेल, नाही तर नुसतंच समुद्रात तेल सापडलं असेल. आणि वर्षातले किती दिवस काम मिळतं हा आकडा कुठे मिळाला, तर तक्ता पुन्हा पहिल्यापासून कर. मला पाठव, मी तपासून देईन.