गाडीत जीपीएस घेताना अँटेनाकडे बघ

स्क्रीन किती इंची, हे नंतर बघ. आधी विचार, नकाशे युनिटमध्येच साठवता येतात का? जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही; ती लागते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. ताम्हिणी घाटात रेंज गेली की हा फरक कळतो.

अँड्रॉइड स्टिरिओ बसवणार असशील तर फिटिंगच्या वेळी स्वतः उभा राहा. सोबत बहुधा वायरवाली छोटी काळी अँटेना येते. घाईत ती स्टिरिओमागे पत्र्याआड कोंबतात आणि मग नकाशावर गाडी शेजारच्याच रस्त्याने पळते. ती डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली, वर आकाश मोकळं राहील अशी चिकटवून घे.

नकाशांचे अपडेट किती वर्षं फुकट, ते पावतीवर लिहून घे. शहरातच फिरणं असेल तर फोन आणि चांगला स्टँड पुरे, उगाच खर्च करू नकोस.